मोशे रब्बेनू: नेतृत्व आणि नम्रतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू परंपरेत संदेष्टे बरेच आहेत. मग नम्रतेचा विषय निघाला की मोशेचंच नाव का येतं?

कारण तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या पाच पुस्तकांच्या मूळ धर्मग्रंथात, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘गणना’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात एक छोटं वाक्य येतं: मोशे हा पृथ्वीच्या पाठीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा अतिशय नम्र होता. ज्याने इजिप्तमधून गुलाम बाहेर काढले, समुद्र ओलांडला, सीनाय डोंगरावर जाऊन देवाच्या आज्ञा आणल्या, त्याचं कौतुक करताना तोराने धाडस, बुद्धी किंवा वक्तृत्व यांतलं काहीच निवडलं नाही. निवडली ती नम्रता.

आणखी एक गोष्ट. ज्यू माणूस त्याला राजा म्हणत नाही, सेनापतीही म्हणत नाही. ‘मोशे रब्बेनू’ म्हणतो, म्हणजे ‘आमचे गुरुजी मोशे’. त्याची सर्वांत रूढ पदवी हीच आहे.

नम्र म्हणजे मवाळ ना? मग तो इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे कसा उभा राहिला?

हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मूळ हिब्रू शब्द आहे ‘अनाव’. दीन, पिचलेला अशा अर्थाच्या ‘अनी’ या शब्दाशी त्याचं नातं आहे. पण मोशेच्या तरुणपणातले तीन प्रसंग पाहा. इजिप्शियन मुकादम एका हिब्रू गुलामाला मारत होता, तेव्हा मोशे मध्ये पडला आणि तो मुकादम त्याच्या हातून मेला. दुसऱ्या दिवशी दोन हिब्रू आपसात भांडत होते, तिथेही तो मध्ये पडला. पुढे परागंदा होऊन मिद्यानला पोचला, तर विहिरीवर मेंढपाळ काही मुलींना हुसकावत होते. त्या मुली त्याच्या कोणी लागत नव्हत्या, गावही त्याचं नव्हतं, तरी तो उठून उभा राहिला. दुसऱ्याचा अपमान दिसला की या माणसाला गप्प बसवत नाही.

स्वतःच्या अपमानाच्या वेळी मात्र तो गप्प बसतो. माझ्या मते मोशेची नम्रता समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. अधिकार आणि आवाज तो वापरतो, देवाशीही हुज्जत घालतो, पण त्यातलं काहीच स्वतःच्या नावावर करून घेत नाही.

जळत्या झुडपासमोर त्याने इतकी टाळाटाळ केली. ती नम्रता होती की भीती?

दोन्ही असेल. होरेब डोंगराजवळ मेंढरं चारताना त्याला झुडूप पेटलेलं दिसलं, पण ते जळून राख होत नव्हतं. देवाने सांगितलं, फारोकडे जा. मोशेचं पहिलं उत्तर: ‘मी कोण, की फारोकडे जावं?’ मग, तुझं नाव काय सांगू? मग, लोक विश्वास ठेवणार नाहीत. मग, मी तोंडाचा जड आणि जिभेचा जड आहे. शेवटी तर सरळच: दुसऱ्या कोणाला तरी पाठव. मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कथाभाष्यात, ही बोलणी सात दिवस चालली असं म्हटलं आहे.

११व्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले मोठे भाष्यकार राशी इथे एक हळवा मुद्दा काढतात. अहरोन हा मोशेचा थोरला भाऊ. थोरल्याला मागे सारून धाकट्याने मान घ्यायचा, हे मोशेला सहन होत नव्हतं. आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. देवाचं उत्तरही तसंच आहे: अहरोन तुला भेटायला निघालाच आहे, तुला पाहून त्याला मनातून आनंद होईल. उत्पत्तीच्या पुस्तकात काइन आणि हाबेलपासून योसेफाच्या भावांपर्यंत भावाभावांत वितुष्टच दिसतं. इथे पहिल्यांदा थोरला भाऊ धाकट्याच्या मोठेपणाने सुखावतो. दोघे फारोपुढे उभे राहिले तेव्हा मोशे ८० वर्षांचा होता आणि अहरोन ८३ वर्षांचा.

तरी एक नोंदवायला हवं. पाचव्या वेळी देव रागावतो. ‘मी लायक नाही’ हे एका मर्यादेपलीकडे म्हणत राहिलं की ती नम्रता उरत नाही, कामाची अडवणूक होते.

मेंढपाळीचा आणि नेतृत्वाचा काय संबंध?

मिद्राशातली एक कथा सांगतो. सासऱ्याची मेंढरं चारताना एक कोकरू कळपातून पळालं. मोशे त्याच्या मागे धावला. पाहतो तर ते एका पाणवठ्यावर पाणी पीत होतं. तो म्हणाला, ‘तू तहानेने पळालास हे मला ठाऊकच नव्हतं. दमला असशील.’ आणि त्याला खांद्यावर घेऊन परत आणलं. तेव्हा देवाने ठरवलं, की हाच माझ्या लोकांचा मेंढपाळ.

या कथेत मला ‘मला ठाऊकच नव्हतं’ हे शब्द सर्वांत मोलाचे वाटतात. पळून गेलेल्याच्या मागे धावलेला माणूस तिथे पोचल्यावर स्वतःचं अज्ञान कबूल करतो.

सासऱ्याचा सल्ला त्याने खरंच मानला का?

लगेच मानला, आणि तसाच्या तसा. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात सासरा इथ्रो भेटायला येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक रांगेत उभे आणि मोशे एकटाच न्यायनिवाडा करतोय, हे पाहून तो म्हणतो: हे काही बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर अधिकारी नेमायची व्यवस्था तो सुचवतो. माणसं कशी हवीत? कर्तबगार, देवाला भिणारी, सत्याला धरून चालणारी, लाचेचा तिटकारा असणारी.

इथ्रो हा मिद्यानचा पुरोहित, म्हणजे परक्या धर्माचा माणूस. तरीही तोराच्या ज्या साप्ताहिक भागात दहा आज्ञा येतात, त्या भागाला याच इथ्रोचं नाव आहे.

दुसऱ्या कोणाला मान मिळाला की नेत्याच्या पोटात दुखतं. मोशेचं काय?

गणनाचे ११ आणि १२ हे दोन अध्याय लागोपाठ आहेत आणि ते एकत्रच वाचायला हवेत.

११व्या अध्यायात मोशे पार थकलेला आहे. लोक मांसासाठी रडताहेत. तो देवाला म्हणतो, या सगळ्यांना मी जन्म दिलाय का, की दाईने तान्ह्याला उचलावं तसं यांना कडेवर घेऊन फिरू? त्यापेक्षा मला मारून टाक. इतकं उघड बोलायला त्याला संकोच वाटत नाही. देव ७० वडीलधारी माणसं निवडायला सांगतो आणि मोशेवरचा आत्मा त्यांच्यावरही उतरतो. पण एल्दाद आणि मेदाद नावाचे दोघे तंबूपाशी न येता छावणीतच राहिले आणि तिथेच भविष्यवाणी करू लागले. एक पोऱ्या धावत बातमी घेऊन आला. यहोशवा, मोशेचा निष्ठावान सेवक, म्हणाला, ‘स्वामी, त्यांना थांबवा.’ मोशे म्हणाला: ‘माझ्यासाठी तुला हेवा वाटतोय का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले असते तर किती बरं झालं असतं!’

नेत्याभोवतीची माणसं बहुधा त्याच्यापेक्षा जास्त मानापमान पाळतात. यहोशवाचा हेतू वाईट नव्हता. पण मोशेने त्याला तिथल्या तिथे थांबवलं.

लगेच पुढच्या अध्यायात घाव घरातूनच येतो. बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्या कूशी (कूश देशातल्या) बायकोवरून बोलतात आणि मग म्हणतात: देव काय फक्त मोशेशीच बोलला? आमच्याशी नाही का बोलला? ‘मोशे अतिशय नम्र होता’ हे वाक्य नेमकं इथे येतं, कारण मोशे उत्तरच देत नाही. देवच तिघांना बोलावतो. मिर्यामच्या अंगावर पांढरा त्वचारोग उठतो. मोशे तिच्यासाठी प्रार्थना करतो, हिब्रूत पाचच शब्दांची: ‘एल ना रेफा ना ला’. देवा, तिला बरं कर ना. लहानपणी नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलेल्या त्याच्या पेटीवर नजर ठेवून उभी होती ती हीच बहीण. मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं, आणि ती परत येईपर्यंत सगळ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही.

पैशाच्या बाबतीत तो कसा होता?

हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा.

रानातला निवासमंडप, म्हणजे हलवता येणारं तंबूचं मंदिर, उभारायला लोकांनी सोनं, चांदी, तांबं दिलं. काम संपल्यावर निर्गमच्या ३८व्या अध्यायात मोशेच्या आज्ञेवरून हिशेब मांडलेला आहे. सोनं २९ किक्कार ७३० शेकेल (ही तेव्हाची वजनं). चांदी १०० किक्कार १,७७५ शेकेल. ही चांदी जमली कशी तेही दिलं आहे: ६,०३,५५० पुरुषांकडून माणशी अर्धा शेकेल. एका किक्कारचे ३,००० शेकेल धरून गणित करून पाहा, शेवटच्या शेकेलपर्यंत जुळतं. १०० किक्कार खांबांच्या १०० बैठकांना लागले आणि उरलेले १,७७५ शेकेल खांबांवरच्या आकड्यांना (हुकांना) वगैरे लागले.

मिद्राश विचारतो, मोशेसारख्या माणसाला हिशेब द्यायची गरज काय? आणि उत्तर देतो: लोक पाठीमागे कुजबुजत होते. बघा याची मान कशी भरलीय. एवढा पैसा याच्या हाताखालून जातो, मग हा श्रीमंत नाही होणार तर कोण? हे ऐकून मोशेने ठरवलं की काम पुरं झालं की पै न् पै सांगायची. हिशेब देताना तो १,७७५ शेकेलपाशी अडखळला, कुठे गेले ते आठवेना. मग नजर वर गेली आणि खांबांवरचे आकडे दिसले.

कुजबूज ऐकून तो चिडला नाही, ‘माझ्यावर संशय?’ असंही म्हणाला नाही. पुढे त्यानेच रऊबेन आणि गाद यांच्या वंशजांना सांगितलं, की परमेश्वरापुढे आणि इस्राएलपुढे निर्दोष राहा. या वाक्यावर रब्बींनी नियम बांधला. जेरुसलेमच्या मंदिरात देणगीच्या खोलीत पैसे काढायला जाणाऱ्याने दुमडलेल्या काठाचा अंगरखा घालायचा नाही, पादत्राणं घालायची नाहीत. तो उद्या श्रीमंत झाला, तर कोणी म्हणायला नको की खोलीतूनच उचललं. धर्मादाय निधी गोळा करायला दोघांनी जायचं आणि वाटप तिघांनी करायचं, हाही मिश्नेतला, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहातला, नियम. मंडळाची, सोसायटीची किंवा देवस्थानाची वर्गणी ज्यांच्या हातात असते, त्यांनी हे दोन नियम भिंतीवर लावावेत असं मला मनापासून वाटतं.

लोकच उलटले तेव्हा त्याने काय केलं?

कोरह हा त्याचा चुलतभाऊ. २५० मानकरी घेऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, सगळी मंडळीच पवित्र आहे, मग तुम्ही दोघे (मोशे आणि अहरोन) स्वतःला वर का चढवता? शब्द लोकशाहीचे वाटतात, पण त्याला हवं होतं याजकपद. मोशे आधी पालथा पडला. मग त्याने बंडातल्या दाथान आणि अबिराम यांना बोलावणं धाडलं. ते म्हणाले, येत नाही. तेव्हा मोशे स्वतः उठून त्यांच्या तंबूपाशी गेला. तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, यावरून शिकवतो की भांडण धरून बसू नये, मोठ्याने आधी पाऊल टाकावं.

तोंडावर आरोप झाले तेव्हा तो देवाला एवढंच म्हणाला: मी यांच्यापैकी कोणाचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही.

लोकांनी सोन्याचं वासरू करून पूजलं, तो प्रसंगही इथेच आठवावा. देव म्हणाला होता, यांना संपवतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. कोणत्याही महत्त्वाकांक्षी माणसाला हा देकार पुरला असता. मोशेने उलट सांगितलं: यांना क्षमा कर, नाहीतर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझं नाव पुसून टाक.

मोशेने कधी ‘मला माहीत नाही’ किंवा ‘माझं चुकलं’ असं म्हटलं का?

हो, आणि तेही लोकांसमोर. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. बाप गेला, भाऊ नाही, मग बापाचं नाव का बुडावं? आम्हाला जमिनीत वाटा द्या. मोशेकडे उत्तर नव्हतं. त्याने प्रश्न देवापुढे नेला, आणि उत्तर आलं: मुली बरोबर बोलताहेत. कायदा बदलला.

‘लेवीय’ या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात अहरोनचे दोन मुलगे नुकतेच मरण पावले आहेत. पापार्पणाचं मांस खाल्लं नाही म्हणून मोशे उरलेल्या पुतण्यांवर रागावतो. अहरोन शांतपणे कारण सांगतो. ‘मोशेने ऐकलं आणि त्याला ते पटलं.’ तालमूद पुढे म्हणतो की हा नियम मी ऐकलाच नव्हता असं सांगून तो सुटू शकला असता. त्याने तसं केलं नाही. ऐकला होता, विसरलो, असं तो म्हणाला.

मग एवढ्या माणसाला वचनदत्त देशात प्रवेश का नाकारला?

या प्रश्नाने ज्यू भाष्यकारांना शतकानुशतकं छळलं आहे. मिर्याम वारली होती, पाणी नव्हतं, लोक पुन्हा ओरडत होते. देवाने सांगितलं, खडकाशी बोल. मोशेने काठी दोनदा आपटली आणि म्हणाला, ‘ऐका, बंडखोरांनो! या खडकातून आम्ही तुमच्यासाठी पाणी काढायचं का?’ पाणी आलं, पण शिक्षाही आली.

राशी म्हणतात, चूक मारण्यात होती, बोलायला सांगितलं होतं. तत्त्वज्ञ मैमोनिडीस (११३८–१२०४) म्हणतात, चूक रागात होती. नेता रागावला की लोकांना वाटतं देवच रागावलाय, आणि देव तर त्या वेळी रागावलेला नव्हता. तिसरं मत बोट ठेवतं ते ‘आम्ही’ या शब्दावर. पाणी देव देत होता, आणि तोंडातून निघालं ‘आम्ही काढायचं का’.

मला तिसरं मत पटतं. चाळीस वर्षांत एकदाच, बहिणीच्या दुःखात, थकलेल्या क्षणी, त्याने काम आपल्या नावावर लावलं. शिक्षा कठोर आहे. तो भाग वाचायला मला अजूनही जड जातं.

त्याची मुलं वारस का झाली नाहीत?

गेर्शोम आणि एलिएजर हे त्याचे मुलगे. मिद्राशात म्हटलं आहे की बाप म्हणून मोशेला वाटत होतं, मुलांनी पुढे यावं. देवाने सांगितलं, तुझी मुलं बसून राहिली. यहोशवा पहाटे लवकर यायचा, रात्री उशिरा जायचा, अभ्यासघरातली बाकं मांडायचा, चटया अंथरायचा. मान त्याचा.

मग देव म्हणाला, यहोशवावर हात ठेव. मोशेने दोन्ही हात ठेवले. राशी म्हणतात, एक सांगितला होता, त्याने दोन ठेवले, काठोकाठ भरून दिलं. आणि हे सगळ्या मंडळीसमोर केलं, म्हणजे उद्या कोणी ‘हा कोण?’ असं विचारायला नको.

त्याची समाधी कुठे आहे?

कुठेच नाही. मवाबातल्या नबो डोंगरावरून त्याने देश पाहिला आणि १२० वर्षांचा होऊन वारला. ‘त्याची कबर आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही’ असं तोराच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. लोकांनी ३० दिवस शोक केला आणि यहोशवाच्या मागे निघाले.

वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घराघरांत इजिप्तमधून सुटकेची कथा वाचतात. त्या कथेच्या पोथीत, हग्गादात, मोशेचं नाव एका उद्धृत वचनात ओझरतं येतं, तेवढंच. कथेचा नायक म्हणून तो कुठेच नाही.

अगदी डोळ्यांनी दिसेल अशी त्याच्या नम्रतेची काही खूण आहे का?

आहे. हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी पाहायला मिळाली तर लेवीयचा पहिला शब्द शोधा, ‘वयिक्रा’, म्हणजे ‘आणि त्याने हाक मारली’. त्यातलं शेवटचं अक्षर अलेफ बाकीच्यांपेक्षा लहान असतं. परंपरा सांगते की देवाने आपल्याला प्रेमाने हाक मारली असं लिहायला मोशेला संकोच वाटला. अलेफ गाळलं की अर्थ होतो ‘सहज गाठ पडली’, जसा बलाम या परक्या संदेष्ट्याच्या बाबतीत शब्द आहे. देव म्हणाला, अलेफ लिही. मोशेने लिहिलं, पण लहान.

बेने इस्राएल समाजात तर संदेष्टे एलियाहूंना जास्त मानतात ना?

जिव्हाळा एलियाहू हन्नबींवर जास्त आहे, हे खरं. कोकणातल्या या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात शुभकार्याला किंवा नवस फेडताना मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ किंवा साखर, फळं. आणि एलियाहूंचं नाव घेतात. पण मोशेही या समाजात मराठीतूनच भेटत आला आहे. मुंबईत १८४६ साली हग्गादाचं मराठी भाषांतर छापलं गेलं. पुण्यात १८७४ साली सचित्र हग्गादा निघाली. तिच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्या इथल्याच वेशात आहेत.

एलियाहूंची एक गोष्ट मोशेशेजारी ठेवण्यासारखी आहे. तेही होरेबवरच पोचले, थकलेले, आणि देवाला म्हणाले, ‘मी एकटाच उरलोय.’ देवाने सांगितलं, बाआल या दुसऱ्या देवतेपुढे गुडघा न टेकलेले आणखी ७,००० आहेत, आणि आता जाऊन अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

मराठी बायबल सहज मिळतं. गणना ११ आणि १२ आधी वाचा, मग निर्गम १८, मग गणना २७, ज्यात त्या पाच मुली आणि यहोशवाची नेमणूक एकाच अध्यायात आहेत. खडकाचा प्रसंग गणना २०मध्ये आहे, तो शेवटी ठेवा. तालमूदमधली एक गोष्टही जमली तर कोणाकडून ऐका: मोशे काळाच्या पुढे जाऊन, फार नंतरच्या रब्बी अकिवाच्या वर्गात आठव्या रांगेच्या मागे बसतो. चर्चा त्याला काहीच कळत नाही आणि तो खचतो. एक शिष्य अकिवाला विचारतो, हे तुम्हाला कुठून कळलं? अकिवा म्हणतो, ‘सीनायवर मोशेला मिळालेला नियम आहे हा.’ तेव्हा मोशेच्या जिवात जीव येतो, आणि तो देवाला विचारतो: असा माणूस तुझ्याकडे असताना तू तोरा माझ्या हातून का देतोस?